गाडी का ओढत नाही?

कथा, कविता आणि प्रवासवर्णने यांच्या पंगतीत मोटारीच्या इंजिनावरचा हा तेलकट लेख पाहून काही वाचकांना नवल वाटेल. कला शाखेच्या विद्यार्थ्याचा आणि कार्बोरेटरचा संबंध तो काय, असा प्रश्न प्राध्यापकवर्गातूनही येण्याचा संभव आहे. त्याचे उत्तर लेखाच्या ओघात मिळेलच. तूर्त एवढेच सांगतो की, आपल्या शेंदूरजनाघाटच्या परिसरात ज्याचा चाकाशी संबंध नाही असे घर विरळाच. सातपुड्याच्या पायथ्याचा हा मुलूख संत्र्याचा आणि संत्र्याच्या कलमांचा. कलमे परगावी न्यायची, आंबिया आणि मृग बहाराची फळे वरूडच्या बाजारात पोचवायची, आजारी माणसाला अमरावती-नागपूरला न्यायचे, तर भिस्त गाडीवरच. आणि ऐन हंगामात एखादा गाडीवाला चहाच्या टपरीवर हताश होऊन म्हणतो, "गाडी वढूनच नाही राह्यली, भाऊ!"

एवढे म्हणायचा अवकाश, की सल्ल्यांचा पाऊस पडतो. एक म्हणतो प्लग बदल, दुसरा म्हणतो पंप गेला, तिसरा तर इंजिन खोलल्याशिवाय गत्यंतर नाही असा निकालच देऊन टाकतो. प्रत्येकाजवळ उत्तर तयार असते, प्रश्न मात्र कोणीच विचारत नाही. परिणामी एकामागून एक सुटे भाग बदलले जातात, खिसा रिकामा होतो आणि गाडी जिथल्या तिथेच राहते.

वस्तुतः "गाडी ओढत नाही" हे रोगाचे नाव नव्हे, ते केवळ लक्षण आहे. संत्र्याच्या झाडाची पाने पिवळी पडली, तर जाणता बागाईतदार लगेच खताचे पोते उघडत नाही. नत्र कमी पडले असेल, पाणी साचून मुळे कुजली असतील, किंवा बुंध्याला डिंक्या लागला असेल. पिवळे पान एकच, कारणे अनेक, आणि प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा. मोटारीचेही अगदी तसेच आहे.

चार सेकंदांचा हिशेब

गाडीची ओढ, म्हणजेच ज्याला आपण सर्रास 'पिकप' म्हणतो ती, केवळ हौसेची बाब आहे असे कोणी समजू नये. एक साधा हिशेब मांडून पाहू. दुपदरी रस्त्यावर पुढे एक ट्रक ताशी ५० किलोमीटर वेगाने चालला आहे. आपली गाडीही त्याच्या मागे त्याच वेगाने आहे. त्याला मागे टाकून पुन्हा डाव्या बाजूला यायचे, तर मागचे-पुढचे अंतर आणि ट्रकची लांबी धरून ट्रकच्या मानाने सुमारे ५० मीटर अधिक जावे लागते. गाडी धडधाकट असेल आणि तिचा वेग दर सेकंदाला सेकंदास एक मीटर या प्रमाणात वाढत असेल, तर हे काम १० सेकंदांत होते. गाडीची ओढ निम्मी झाली असेल, तर त्याच कामाला १४ सेकंद लागतात.

चार सेकंद म्हणजे काय मोठेसे, असे वाटेल. पण समोरून ताशी ६० किलोमीटर वेगाने दुसरी गाडी येत आहे असे धरा. पहिल्या गाडीला समोरचा सुमारे साडेतीनशे मीटर रस्ता मोकळा हवा, दुसरीला जवळजवळ पावणेपाचशे मीटर. डोळ्यांना मात्र जुन्या अंदाजाचीच सवय असते. ओढ हळूहळू कमी होत गेली तर ती चालवणाऱ्याच्या लक्षातही येत नाही, आणि तो आपल्या जुन्याच अंदाजाने ट्रकच्या उजव्या बाजूला निघतो. या सव्वाशे मीटरांत माणसे दगावतात. म्हणून हा विषय मिस्त्रीवर सोडून मोकळे होण्यासारखा नाही.

ओढ येते कोठून?

पेट्रोलच्या इंजिनाला काम करण्यासाठी चार गोष्टी लागतात: हवा, इंधन, वेळेवर पडणारी ठिणगी आणि सिलिंडरमधला दाब. जर्मनीच्या निकोलाउस ऑटोने १८७६ साली चार ठोक्यांचे इंजिन यशस्वी करून दाखवले, तेव्हापासून यात मूलतः फरक पडलेला नाही. दट्ट्या खाली जाताना हवा आणि इंधन आत ओढतो, वर येताना ते दाबतो, ठिणगी पडून भडका उडतो आणि दट्ट्या जोराने खाली ढकलला जातो. चौथ्या ठोक्याला धूर बाहेर जातो.

यातील हवेचे महत्त्व सहसा ध्यानात येत नाही. एक किलो पेट्रोल नीट जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण पाऊण किलो. म्हणजे त्याला ११ किलो हवा हवी. आकारमानाने ही हवा ९,००० लिटरच्या घरात जाते, एका लहान खोलीत मावेल एवढी! आपण टाकीत पेट्रोल किती याची चिंता करतो, पण गाडी प्रत्येक लिटरमागे एक खोलीभर हवा पिते, हे विसरतो.

इंजिनात शक्ती निर्माण झाली म्हणजे काम संपले असे नाही. ती क्लच आणि गिअरमधून चाकांपर्यंत पोचली पाहिजे, आणि चाकांना कोणी मागे धरून ठेवता कामा नये. शिवाय ओझ्याचाही प्रश्न आहेच. पूर्वी मुंबईत कुर्ल्याला तयार होत असलेल्या प्रीमियर पद्मिनीचे इंजिन १०८९ सीसीचे, शक्ती सुमारे ४० अश्वशक्ती आणि वजन ९०० किलोच्या आसपास. १९८३ च्या डिसेंबरात आलेल्या मारुती ८०० चे इंजिन अवघे ७९६ सीसीचे, शक्ती थोडी कमीच. पण वजन साडेसहाशे किलोच्या आसपास. म्हणून लहान इंजिनाची मारुती चपळ वाटे. याच हिशेबाने त्या मारुतीत चार धिप्पाड माणसे आणि डिकीत संत्र्यांच्या दोन पेट्या भरल्या, की तिचा चपळपणा पद्मिनीच्या पातळीवर येई. हा इंजिनाचा दोष नव्हे, हे गणित आहे.

आधी प्रश्न, मग पाना

आता कला शाखेचा संबंध येतो. जॉन स्टुअर्ट मिलने १८४३ साली प्रसिद्ध केलेल्या तर्कशास्त्रावरील ग्रंथात कारण शोधण्याच्या पाच पद्धती सांगितल्या आहेत. आपल्या न्यायशास्त्रातील अन्वय आणि व्यतिरेक या कल्पना तर त्याहून कितीतरी जुन्या. जेथे धूर तेथे अग्नी हा अन्वय. जेथे अग्नी नाही तेथे धूरही नाही हा व्यतिरेक. परीक्षेपुरते पाठ करून आपण हे विसरून जातो. पण चांगला मिस्त्री, त्याने मिलचे नावही ऐकले नसेल, रोज याच पद्धतींनी काम करतो.

गाडीला हात लावण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत. त्रास अचानक सुरू झाला की महिन्यामहिन्याने वाढत गेला? अचानक आला असेल तर काहीतरी सुटले, तुटले, फाटले किंवा टाकीत काही वाईट पडले. हळूहळू आला असेल तर काहीतरी झिजले, चोंदले किंवा ढिले झाले. इंजिन थंड असताना होतो की तापल्यावर? सर्वच वेगांत होतो, की फक्त पाय दाबल्या क्षणी? नुकतेच पेट्रोल भरले होते का? नुकतेच काही काम केले होते का? शेवटचा प्रश्न फार मोलाचा. कालपर्यंत ठीक असलेली गाडी दुरुस्तीनंतर बिघडली असेल, तर जिथे हात लागला तिथेच आधी पाहावे.

आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न: पाय दाबल्यावर इंजिनाचा आवाज चढतो की नाही? आवाज चढतो पण गाडी पुढे जात नाही, तर इंजिन निर्दोष असून शक्ती वाटेत गळते आहे. आवाजच चढत नसेल, तर एक तर इंजिनाला काही कमी पडते आहे, किंवा गाडीला मागून कोणी धरून ठेवले आहे. या एका प्रश्नाने अर्धा तपास पूर्ण होतो.

तपासाला मोजमापाची जोड हवी. एखादा सपाट, निर्जन रस्ता निवडून, तेवढीच माणसे बसवून, तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३० वरून ६० पर्यंत जायला किती सेकंद लागतात ते शेजारी बसलेल्याने घड्याळावर मोजून लिहून ठेवावे. दुरुस्तीनंतर पुन्हा मोजावे. "आता बरी वाटते" हे मत झाले. "१५ सेकंदांचे ११ झाले" हा पुरावा झाला.

बाहेरून आत

बंडीचा बैल ओढेनासा झाला, तर शेतकरी बैलाला लगेच बाजार दाखवत नाही. तो आधी चाकाला वंगण आहे का पाहतो, मग जू खांद्याला काचते का, मग खूर, मग चारा, आणि शेवटी बैलाचे वय. बाहेरून आत आणि स्वस्ताकडून महागाकडे हाच क्रम मोटारीलाही लागू आहे.

प्रथम टायरमधली हवा. ती कमी असेल तर गाडी चिखलातून चालल्यासारखी जड वाटते. नंतर ब्रेक. दहा-पंधरा किलोमीटर चालवून गाडी थांबवावी आणि चारही चाकांच्या मध्यभागाजवळ, स्पर्श न करता, हात न्यावा. एखादे चाक इतरांपेक्षा फारच धगधगत असेल, तर त्याचा ब्रेक सुटत नाही असे समजावे. सपाट जागी गिअर काढून, हँडब्रेक सोडून एका माणसाने ढकलली तर लहान गाडी सहज सरकली पाहिजे. ब्रेकचे गंजलेले पिस्टन किंवा अडकलेली हँडब्रेकची केबल साफ केली, की हरवलेली ओढ एका दुपारी परत येते.

नंतर क्लच. ओझे असताना, चढावर, चौथ्या गिअरमध्ये पाय दाबला आणि आवाज भसकन चढला, पण वेग वाढला नाही, शिवाय जळका वास आला, तर क्लचप्लेट घसरते आहे. खात्री करायची असेल तर मोकळ्या जागी हँडब्रेक घट्ट ओढून, ब्रेकवर पाय ठेवून, वरचा गिअर टाकून क्लच हळूहळू सोडावा. धड क्लच असेल तर इंजिन बंद पडेल. इंजिन चालूच राहिले तर प्लेट संपली. ही परीक्षा वारंवार करू नये, कारण त्याने उरलेली प्लेटही जळते. गाडी चालवताना डावा पाय सदैव क्लचवर टेकवून ठेवण्याची सवय अनेकांना असते. त्या सवयीची किंमत ही अशी मोजावी लागते.

अॅक्सिलरेटरची केबल ही जुन्या गाड्यांतली आणखी एक गंमत. पाय तळाशी टेकतो, पण केबल ताणली गेल्यामुळे तिकडचा पडदा पाऊणच उघडतो. कधी पायाखालची जाड चटईच पॅडलला पूर्ण खाली जाऊ देत नाही. इंजिन बंद ठेवून एकाने पॅडल दाबावे आणि दुसऱ्याने बॉनेट उघडून पडदा पूर्ण उघडतो का ते पाहावे. खर्च शून्य.

श्वास

आता इंजिनाकडे वळू. हवेचा फिल्टर काढून उजेडासमोर धरावा. आपल्याकडे कच्च्या रस्त्यांची आणि उन्हाळ्यातील धुळीची कमतरता नाही. पुस्तकात लिहिलेल्या मुदतीच्या कितीतरी आधी तो चोंदतो. फिल्टर काढून थोडे अंतर गाडी चालवली आणि फरक पडला, तर कारण सापडले; हीच व्यतिरेक पद्धती. मात्र फिल्टरशिवाय धुळीत फिरण्याची सवय लावू नये. ती धूळ सिलिंडरला कानशीप्रमाणे घासते.

श्वास आत घेता येणे जितके गरजेचे, तितकेच बाहेर टाकता येणे. सायलेन्सर आतून गंजून बसला, किंवा नव्या गाडीतील धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर वितळून चोंदला, तर इंजिन मंद गतीत ठीक चालते, पण वेग मागितला की गुदमरते. मागे नळीला हात न लावता, धूर जोमाने बाहेर येतो का एवढे पाहिले तरी प्राथमिक कल्पना येते. नक्की निदान मिस्त्री दाबमापकाने करतो.

डिझेलच्या गाड्यांत, आणि आपल्याकडे माल वाहणाऱ्या बहुतेक गाड्या डिझेलच्या, टर्बोची हवा नेणारी रबरी नळी फाटणे हा नेहमीचा प्रकार. पाय दाबला की शिट्टीसारखा फुसफुस आवाज, मागे काळा धूर आणि ओढ गायब. अशा वेळी टर्बोच गेला असे सांगितले जाते; पण आधी नळ्या आणि त्यांचे क्लिप हाताने तपासून पाहण्याचा आग्रह धरावा.

अन्न

इंधनाची लक्षणे वेगळी असतात. शहरात हळू चालवताना गाडी ठीक, पण लांब चढावर किंवा वेगात गेल्यावर मागून कोणी ओढल्यासारखी अडखळते, क्षणभर थांबले की पुन्हा ठीक होते, तर इंधन पुरेशा वेगाने येत नाही. फिल्टर चोंदला असेल किंवा पंप थकला असेल. फिल्टर स्वस्त, पंप महाग. म्हणून फिल्टर आधी. नंतर इंधनाचा दाब मोजावा, आणि दाब खरोखरच कमी भरला तरच पंपाला हात घालावा.

कार्बोरेटरच्या गाडीत पाय दाबल्या क्षणी एक झटका बसून इंजिन बसल्यासारखे होते आणि मग उचल घेते. या लक्षणाचे कारण बहुधा कार्बोरेटरमधला छोटा अॅक्सिलरेटर पंप. इंजिन बंद आणि थंड असताना वरचे झाकण काढून आत पाहावे. पॅडल दाबताच पेट्रोलची बारीक धार दिसली पाहिजे. धार नसेल तर आतला पडदा फाटला आहे किंवा नळीत कचरा आहे. हे पाहताना आसपास विडी-सिगारेट नको, हे सांगण्याची गरज नसावी, तरीही सांगतो.

अँबॅसिडर-पद्मिनीच्या काळात उन्हाळ्यात पेट्रोलच्या पंपावर ओले फडके गुंडाळलेले दिसे. तो काही टोटका नव्हता. वैशाखात तापलेल्या नळीत पेट्रोलची वाफ होते, पंप वाफ ओढू शकत नाही आणि इंजिन उपाशी राहते. ओल्या फडक्याने वाफेचे पुन्हा पेट्रोल होते. शास्त्र न शिकलेल्या डायव्हर मंडळींनी शोधलेला हा अस्सल शास्त्रीय उपाय होता.

आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने एक-तृतीयांश उष्णता कमी. म्हणजे मिश्रणाच्या एका लिटरमागे सहा-सात टक्के उष्णता कमी भरते. संगणकाने इंधन सोडणारी नवी गाडी थोडे जास्त इंधन सोडून ओढ सांभाळून घेते, फक्त मायलेजमध्ये फरक दिसतो. कार्बोरेटरच्या जेटचे छिद्र मात्र ठराविक मापाचे. त्यामुळे जुन्या गाडीचे मिश्रण पातळ होऊन ती अडखळू शकते, आणि तिच्या जुन्या रबरी नळ्याही फुगतात. जुनी गाडी जपणाऱ्यांनी जेट आणि नळ्या या दोहोंकडे लक्ष द्यावे.

भेसळीचा विषय याहून गंभीर आहे. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळले, की ते वेळेआधी पेटते, इंजिन टकटक वाजते, ओढ जाते आणि पुढे इंजिनच खराब होते. या काळ्या धंद्याची पाळेमुळे किती खोल गेली होती, हे महाराष्ट्राने डोळ्यांनी पाहिले आहे. २५ जानेवारी २०११ रोजी मालेगावचे अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना मनमाडजवळ इंधनाच्या भेसळीचा प्रकार पकडताना जिवंत जाळण्यात आले. आपल्या गाडीच्या अडखळण्यामागे कधी कधी एवढे मोठे पाप उभे असते. ग्राहकाच्या हाती निदान एक साधा हक्क आहे: पंपावर गाळणकागद मागण्याचा. नळीच्या तोंडाचा एक थेंब कागदावर टाकावा; पेट्रोल शुद्ध असेल तर ते दोनेक मिनिटांत उडून जाते. फिकट रंगाची झाक राहू शकते, पण तेलकट डाग राहता कामा नये. मापाविषयी शंका असेल, तर पाच लिटरच्या प्रमाणित मापाने मोजून मागण्याचाही हक्क आहे. हे मागायला संकोच वाटण्याचे कारण नाही.

ठिणगी आणि दाब

प्लग काढून त्याचे टोक पाहणे म्हणजे वैद्याने जीभ पाहण्यासारखे आहे. तांबूस-करडे टोक म्हणजे प्रकृती ठणठणीत. कोरडी काळी काजळी म्हणजे इंधन जास्त किंवा हवा कमी. पांढरेफटक म्हणजे मिश्रण पातळ किंवा इंजिन फार तापते आहे. ओला तेलकट थर म्हणजे इंजिनऑइल वर चढते आहे. चारही प्लग क्रमाने मांडून ठेवावेत. एकच वेगळा दिसला तर दोष त्या सिलिंडरपुरता आहे, चारही सारखेच काळे दिसले तर दोष सर्वांना समान असलेल्या जागी आहे. हीच अन्वय पद्धती.

गाडी थरथरत असेल, 'मिसिंग' करत असेल, तर एखादे सिलिंडर काम करत नाही. नव्या गाडीत दोन सिलिंडरांच्या कॉइल आपापसांत बदलून पाहाव्यात. दोष कॉइलबरोबर दुसऱ्या सिलिंडरमध्ये गेला तर कॉइल खराब. जागीच राहिला तर शोध पुढे चालू. नवा भाग विकत न घेता निदान करण्याची ही उत्तम रीत आहे. चालू इंजिनाच्या प्लगची वायर मात्र हाताने ओढू नये. तीत हजारो व्होल्ट असतात.

जुन्या गाडीत ठिणगीची वेळही पाहावी लागते. डिस्ट्रिब्यूटरमधले पॉइंट झिजले, त्यांच्यातील फट बदलली, की ठिणगी उशिरा पडते. भडका उडेपर्यंत दट्ट्या खाली निघून गेलेला असतो, म्हणजे पाहुणे गेल्यावर पंगत वाढल्यासारखे. पॉइंट साफ करून फट जुळवणे आणि टायमिंग लावणे हे काम अर्ध्या तासाचे.

हे सर्व ठीक निघाले तरच दाबाकडे वळावे. मिस्त्री प्लगच्या जागी मापक लावून प्रत्येक सिलिंडरचा दाब मोजतो. सिलिंडरांत आपसांत दहा-पंधरा टक्क्यांहून अधिक तफावत असेल, तर आतला भाग झिजला आहे. मग कमी दाबाच्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिनऑइल टाकून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. तितकाच राहिला तर व्हॉल्व्ह गळतो किंवा हेडचे पॅकिंग गेले. इंजिन खोलण्याचा निर्णय या परीक्षेनंतर घ्यायचा असतो, आधी नव्हे.

संगणकाची साक्ष

१ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज सहा हे निकष लागू झाले. आता गाडीत हवा, इंधन, धूर यांची नोंद ठेवणारे अनेक सेन्सर असतात. काही चुकले की समोर इंजिनाचे पिवळे चिन्ह पेटते. दोष मोठा असेल तर संगणक इंजिनाचे रक्षण करण्यासाठी मुद्दामच शक्ती कमी करतो. तेव्हा गाडी ओढत नाही ती मरगळीने नव्हे, तर हुकमाने.

स्कॅनर जोडला की दोषाचा संकेतांक मिळतो. इथेच पुष्कळांची फसगत होते. समजा पी ०१७१ हा संकेतांक आला. त्याचा अर्थ एवढाच की मिश्रणात हवेच्या मानाने इंधन कमी आहे. इंजिनाकडे जाणारी नळी फाटून जास्तीची हवा आत शिरत असेल, पंप थकला असेल, किंवा हवा मोजणारा सेन्सर धुळीने माखला असेल. संकेतांक हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. साक्षीदाराने सेन्सरचे नाव घेतले म्हणून सेन्सरला फाशी देणे हा न्याय होत नाही. सेन्सर आधी साफ करावा, त्याची वायर पाहावी, नळ्या पाहाव्यात आणि मगच बदलण्याचा विचार करावा.

जो बिघाड नसतोच

शेवटी एक सावधगिरी. परतवाड्याहून चिखलदऱ्याला चढताना गाडी दमते, अशी तक्रार ऐकू येते. चिखलदरा सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे. तेथील हवा समुद्रसपाटीच्या मानाने दहा टक्क्यांच्या आसपास विरळ. हवा विरळ म्हणजे प्राणवायू कमी, म्हणजे शक्ती कमी. तसेच मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हातली हवा डिसेंबरातल्या १५ अंशांच्या हवेपेक्षा तितकीच विरळ असते, त्यात वातानुकूलन यंत्राचा भार वेगळाच. अशा दिवशी लहान गाडी मंद वाटली तर ते इंजिनाचे दुखणे नव्हे, तो वऱ्हाडचा उन्हाळा आहे. ज्या गोष्टीला औषध नको तिला औषध न देणे हेही निदानच.

घरी तपासणी करताना तीन पथ्ये पाळावीत. बंद शेडमध्ये इंजिन चालू ठेवू नये, कारण धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसाला झोपेतच संपवतो. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरू नये. आणि तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये.

मिस्त्रीकडे गेल्यावर "काय बदलायचे?" असे न विचारता "कशावरून?" असे विचारावे. जाणत्या मिस्त्रीला या प्रश्नाचा राग येत नाही. उलट तो जुना प्लग हातात ठेवून दाखवतो, दाबाचा आकडा सांगतो. काढलेले जुने भाग परत मागून घ्यावेत आणि काम झाल्यावर तिसऱ्या गिअरमधले ते ३० ते ६० चे सेकंद पुन्हा मोजावेत.

आणि आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. लक्षण आणि कारण यांतला भेद ओळखणे, एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहणे, साक्षीदाराची साक्ष तपासून घेणे आणि पुराव्याशिवाय निकाल न देणे, हे सारे आपण तर्कशास्त्राच्या, इतिहासाच्या आणि अर्थशास्त्राच्या वर्गांतच शिकतो. ते उत्तरपत्रिकेतून बाहेर काढून बॉनेटखाली वापरले, तर एखाद्या घरचे पैसे वाचतील, एखाद्या बागाईतदाराचा माल वेळेवर पोचेल, आणि ट्रकच्या उजव्या बाजूला निघालेला एखादा माणूस चार सेकंद आधी आपल्या बाजूला येईल.